चौकटीवरचा हात

कमलनगरला गेल्याशिवाय मुकुंदरावांचं काही अडलं नव्हतं. शर्टाला लावायचा छोटा माईक खरखर करत होता, तो दाखवायचा होता, एवढंच काम. औरादेत मोबाईलची चार दुकानं आहेत, पण मुकुंदरावांचा विश्वास एकदा एका ठिकाणी बसला की तो हलत नाही, आणि तो बसला होता कमलनगरच्या रविकुमारवर. म्हणून चैत्रातल्या एका सकाळी ते जीपच्या मागच्या बाकावर, कुणाच्या तरी तुरीच्या पोत्याला गुडघे टेकवून, तीस किलोमीटर गेले.

रविकुमारनं माईक उघडला, आतली तार चिमट्यानं दाबली, फुंकर मारली आणि मान वर न करताच म्हणाला, "सर, परवाचा व्हिडिओ बघितला. रहाटाच्या शॉटवरचा. लई ग्वाड बोललात."

"हं."

"एक सांगू का? राग मानू नका. मागं अक्का दारात उभ्या ऱ्हायल्यात, त्यास्नी एखादी खुर्ची द्यायची की. इतका येळ चौकट धरून उभ्या हायत बिचाऱ्या."

मुकुंदरावांना आधी कळलंच नाही. "कोण अक्का?"

"तुमच्या घरच्या. हात दिसायलाय न्हवं त्यांचा. हिरव्या बांगड्या." रविकुमारनं माईक परत दिला. "बऱ्या हायत ना त्या? बोटं लई आवळून धरल्यागत दिसली."

"बऱ्या आहेत," मुकुंदराव म्हणाले, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

सुमतीबाई जाऊन नऊ महिने झाले होते. परवाचा व्हिडिओ परवाचाच होता.

मुकुंदरावांची ओळख इथंच करून दिलेली बरी. औरादच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. पण मुलांना अकबर आणि महमूद गवान शिकवताना त्यांचं अर्धं लक्ष नेहमी सिनेमात असायचं. तेही जुन्या, काळ्यापांढऱ्या सिनेमात, आणि संपूर्ण सिनेमात सुद्धा नाही, त्यातल्या एखाद्या शॉटमध्ये. लोक सिनेमा बघतात, मुकुंदराव तो सोलायचे. दोर तुटल्यावरही विहिरीवर फिरत राहिलेला रहाट, खुर्चीवर विसरलेली टोपी, रिकाम्या फलाटावरून गेलेला कुत्रा, अशा चार-सहा सेकंदांवर ते तासभर बोलत. निवृत्त झाल्यावर ऐकायला मुलं उरली नाहीत. तेव्हा सून प्रणितानं फोन ठेवायचं एक तिकाटणं आणून दिलं आणि म्हणाली, "बाबा, इथं बसून बोला. मी हैदराबादहून व्हिडिओ चढवत जाईन." मुलगा संकर्षण हसला होता. पण लोक बघायला लागले. पुण्याचे, नांदेडचे, कुठले कुठले. मुकुंदरावांना म्हातारपणी अचानक चार हजार विद्यार्थी मिळाले.

त्यासाठी घरात एक नियम आला. रविवारी अकरा वाजता शेजारपाजार शांत असतो, तेव्हा ते बैठकीत बसत. समोर फोन, पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. पंखा बंद. गॅस बंद, कारण कुकरची शिट्टी बोलण्यात येते. आणि ते स्वतः मोठ्यानं "झालं" म्हणेपर्यंत घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही.

एकदा सुमतीबाई बोलल्या होत्या. कुरिअरवाला आला होता, सही हवी होती, म्हणून त्यांनी दारातून "अहो" एवढंच म्हटलं. अठरा मिनिटांचं बोलणं वाया गेलं. मुकुंदराव तसे रागीट नव्हते, पण त्यांचा अबोला वाईट. दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुमतीबाईंनीच चहा पुढे ठेवत म्हटलं, "आता जीभ भाजली तरी बोलणार नाही." आणि फोन चालू असताना त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आषाढातल्या त्या रविवारी मुकुंदराव त्यांच्या सगळ्यात आवडत्या शॉटवर बोलत होते. त्यासाठी त्यांनी वर्षभर टिपणं काढली होती.

शॉट असा. घरातला मोठा गवई आत रियाजाला बसलाय. सूर ऐकू येतो, माणूस दिसत नाही. त्याची बायको दारात येते. आपल्याला तिची पाठ दिसते आणि चौकटीवर टेकलेला डावा हात. ती काहीतरी सांगायला आलीय. गाणं थांबत नाही. ती तशीच उभी राहते, मोजून अकरा सेकंद, आणि निघून जाते. ती का आली होती हे सिनेमा पुढे कधीच सांगत नाही. कुणी तिला विचारतही नाही.

मुकुंदरावांनी त्या हातात काय काय शोधलं होतं. कला आणि संसार यांच्यामधली सीमारेषा. नादाच्या उंबऱ्यावर थांबलेलं मौन. सुमतीबाईंनी हा सिनेमा लहानपणी तंबूत बघितला होता. नवऱ्याची टिपणं चालली असताना त्या तांदूळ निवडत म्हणाल्या होत्या, "इतकं काही नाही हो त्यात. तिला बसायचंय. तिला बरं वाटत नाहीय, आणि कुणीतरी 'बस' म्हणावं एवढ्यासाठी ती आलीय."

मुकुंदराव खूप हसले होते. हा विनोद व्याख्यानात घालायचा, असंही त्यांनी ठरवलं.

त्या रविवारी ते बावीस मिनिटं बोलले. बोलणं इतकं जमून आलं की संपल्या संपल्या त्यांनी फोन पालथा मांडीवर ठेवला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि डोळे मिटून आपलाच आवाज पहिल्यापासून ऐकायला घेतला. "झालं" म्हणायचं राहून गेलं. पाऊण तासानं त्यांनी चहासाठी हाक मारली. मग दुसरी मारली.

सुमतीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी चौकटीला पाठ लावून बसल्यासारख्या होत्या. गॅसवरच्या कुकरात अर्धं कच्चं वरण होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं, तासाभरापूर्वीच सुरू झालं असावं. लवकर कळलं असतं तर, एवढं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. भेटायला येणारे म्हणत होते, पुण्यवान बाई, हूं की चूं न करता गेली. मुकुंदराव प्रत्येकाला हात जोडत होते. ती चूं का करू शकली नाही, हे त्या गर्दीत फक्त त्यांना माहीत होतं. ते कुणाला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

आठ महिने त्यांनी तिकाटण्याला हात लावला नाही. शेवटी प्रणितानंच गळ घातली, बाबा, पुन्हा सुरू करा, जीव रमेल. म्हणून रहाटाचा व्हिडिओ झाला. चैत्राच्या पहिल्या रविवारी, अकरा वाजता.

कमलनगरहून परतल्यावर चपलाही न काढता त्यांनी तो लावला.

आपण स्वतः पडद्यावर बोलत असलो की माणूस स्वतःलाच बघतो, हा मनुष्यस्वभाव आहे. मुकुंदरावांनी पहिल्यांदाच स्वतःकडे न बघता आपल्या खांद्यामागे बघितलं. स्वयंपाकघराचं दार अर्धं दिसत होतं. आत अंधार. पहिली दहा मिनिटं काही नव्हतं. अकराव्या मिनिटाला डाव्या चौकटीवर चार बोटं आली. आधी टोकं, मग पेरं, मग हिरव्या बांगड्या. तर्जनीवर विळीनं कापल्याचा जुना आडवा वण. ते बोट कापलं त्या दिवशी हळद मुकुंदरावांनीच दाबली होती.

बोटं तिथंच राहिली, व्हिडिओ संपेपर्यंत.

त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. दार होतं, चौकट होती, पलीकडे ओट्यावर उन्हाचा तुकडा पडला होता. फक्त घरात कच्च्या तुरीच्या वरणाचा वास येत होता. सकाळपासून त्यांनी चूल पेटवलेली नव्हती.

त्यांनी प्रणिताला फोन लावला. "व्हिडिओ चढवताना तू बघतेस ना गं सगळा?"

पलीकडे प्रणितानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा... तुम्हाला दिसलं?"

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, जुन्या एखाद्या व्हिडिओचा तुकडा मिसळला असेल. म्हणून मी ती बाजू कडेनं कापून टाकली." तिचा आवाज खाली गेला. "कापल्यावर दार गेलं, बाबा. नुसती भिंत उरली. तरी नवीन कडेला हात आला. अजून कापलं, तर अजून अलीकडे आला. मग तुमच्या खांद्यापर्यंत आला... तेव्हा मी घाबरून सगळं पूर्ववत केलं आणि तसंच चढवलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते?" ती रडत होती. "आईंची बोटं होती ती. मी तेरा वर्षं त्या हातचं खाल्लंय."

त्या रात्री मुकुंदराव झोपले की नाही ते त्यांनाच ठाऊक. सकाळी जगदेवी झाडायला आली. ती पंधरा वर्षं या घरात येते, आणि तोंडाला तिच्या कुलूप नाही. मुकुंदरावांनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, मी बोलायला बसायचो तेव्हा बाई कुठं असायच्या?

"दारातच की," जगदेवी केरसुणी न थांबवता म्हणाली. "चौकट धरून उभ्या ऱ्हायच्या. मी म्हनायची, अक्का, बसा की जरा, पाय दुखतील. तर हातानंच गप म्हनायच्या. पाट मांडला तर आवाज होतोय म्हनं. आन् रिकामा पाट मांडून ठिवू न्हाई, कुणीतरी येऊन बसतंय, असं बी म्हनायच्या." तिनं केर सुपात भरला. "तुम्ही 'झालं' म्हनलात की मंग सुटायच्या."

सुमतीबाईंच्या माहेरचे ते दोन सागवानी पाट स्वयंपाकघरात दारामागे भिंतीला टेकून उभे होते. गुडघे गेल्यापासून दोघं टेबलावर जेवत, पण पाट त्यांनी माळ्यावर टाकू दिले नव्हते.

मुकुंदरावांना घरात बसवेना. ते उठून सिद्धप्पाकडे गेले. सिद्धप्पा म्हणजे तंबूच्या सिनेमाचा मशीनवाला. चाळीस वर्षांपूर्वी तो औराद, संतपूर, कमलनगर, जत्रा लागेल तिथं पडदा लावायचा. आता त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि तो दिवसभर लिंबाखाली बाज टाकून पडायचा. मुकुंदरावांनी त्याला तो शॉट सांगितला. गवई, दार, हात. सिद्धप्पा उठून बसला.

"त्यो सिनेमा व्हय? सहा गावं फिरवलाव मी त्यो."

"त्या शॉटला लोक काय करायचे, सिद्धप्पा? कंटाळायचे?"

"गडी कंटाळायचे. बिड्या पेटवायचे." सिद्धप्पा एका डोळ्यानं समोर बघत राहिला. "बायांची बाजू येगळी ऱ्हायची, मधी कनात. त्या हाताचा शॉट आला की कनातीपल्याडून आवाज यायचा. हळूच. एक बाई बोलायची, मंग धा बोलायच्या."

"काय बोलायच्या?"

"'बस की गं माय.'" सिद्धप्पानं घसा खाकरला. "रोजच्याला. येगळं गाव, येगळ्या बाया, कुणी कुणाला वळखत न्हाई. मराठी बोलनाऱ्या 'बस की गं' म्हनायच्या, कानडी बोलनाऱ्या कानडीत तेच. मला आधी कळंनाच, कामून म्हनत्यात. मंग माझी आई गेली तवा कळलं. आता तुम्ही शिकलेली मानसं, तुमाला त्यात लई काय काय दिसत आसंल."

मुकुंदराव तिथून उठले. एवढी टिपणं, एवढी वर्षं, आणि सहा गावच्या अडाणी बायांना जे पहिल्या खेपेला दिसलं ते त्यांना बायकोनं तोंडावर सांगूनही दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून अर्धीच होती. कारण आषाढातला तो बावीस मिनिटांचा व्हिडिओ फोनमध्ये तसाच पडून होता. तो प्रणिताकडे गेलाच नव्हता. त्यांनी त्यातला आवाज ऐकला होता. चित्र कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी तो भर दुपारी, बैठकीची खिडकी लावून बघितला.

अकराव्या मिनिटाला सुमतीबाई दारात आल्या. पूर्ण आल्या, अबोली रंगाचं लुगडं, पदर खोचलेला. उजवा हात छातीवर, डावा चौकटीवर. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यावरचे मुकुंदराव बोलत होते की हा हात म्हणजे मौनाचं व्याकरण आहे. बाराव्या मिनिटाला सुमतीबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. कपाळावरचा घाम पदरानं टिपला. फोनकडे बघितलं, तो अजून तिकाटण्यावरच आहे का ते, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

त्या तशा सात मिनिटं उभ्या राहिल्या. मुकुंदरावांनी ती सातही मिनिटं बघितली. डोळे मिटायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं.

एकोणिसाव्या मिनिटाला पडद्यावरचे मुकुंदराव मिश्कील हसले आणि म्हणाले, "आमच्या घरचं मत मात्र वेगळं आहे बरं का. आमच्या घरी म्हणतात, त्या बाईला फक्त बसायचंय!" आणि ते स्वतःच्या विनोदावर मनापासून हसत असताना त्यांच्या मागे सुमतीबाईंचे गुडघे वाकले. त्या चौकटीच्या आधारानं खाली खाली गेल्या आणि चित्राबाहेर गेल्या. चार बोटं तेवढी चौकटीवर राहिली. व्हिडिओ संपला तेव्हाही ती तिथंच होती.

बोटं सुटलेली या व्हिडिओत कुठंच दिसत नव्हती. ती कशी सुटणार? त्यांनी "झालं" म्हटलेलंच नव्हतं.

मुकुंदराव त्या दुपारी लहान मुलासारखे रडले. नऊ महिने त्यांनी जे गळ्यात अडवून धरलं होतं ते सगळं गेलं, पण त्यानं हलकं काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी घर झाडून घेतलं. जगदेवीला लवकर घरी पाठवलं. दारामागचा एक पाट उचलला, ओल्या फडक्यानं पुसला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, चौकटीलगत, जमिनीवर मांडला. आवाज झाला नाही. पाट मांडताना आवाज होतच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पंखा बंद केला. गॅस बंदच होता. फोन त्यांनी उलटा लावला, पडदा आपल्याकडे करून, म्हणजे मागचं दार आपल्याला दिसत राहील. अकरा वाजले. गल्लीत एक कोंबडी बोलत होती, तीही थांबली.

"नऊ महिन्यांपूर्वी मी एका शॉटवर बोललो होतो," मुकुंदरावांनी सुरुवात केली. "तो व्हिडिओ कुणी बघितलेला नाही. बरंच झालं. मी चुकीचं बोललो होतो."

ते बोलत राहिले. तंबूतल्या बायकांचं सांगितलं, कुरिअरवाल्याचं सांगितलं, दोन दिवसांच्या अबोल्याचंही सांगितलं. अकराव्या मिनिटाला वास आला, कच्च्या वरणाचा, आणि पडद्यावर त्यांच्या खांद्यामागे चार बोटं चौकटीवर येऊन टेकली.

आता एक शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. झालं म्हटलं की ती सुटणार. सुटली की गेली. आणि तो न म्हणता बोलत राहिलं तर ती आहे, इथं, सहा हातांवर, हिरव्या बांगड्यांसकट. म्हणून मुकुंदराव बोलत राहिले. लग्नाच्या वेळचं बोलले, बीदरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचं बोलले, संकर्षणच्या बारशाचं बोलले. अर्धा तास झाला, तास झाला. घसा सुकला, आवाज फाटला. माणूस प्रेमापोटीही किती आपमतलबी होतो याला सीमा नाही. चौतीस वर्षं वर्गात न थकलेला माणूस आणखी चार तास बोलला असता.

पण त्यांचं लक्ष बोटांवर होतं, आणि आता त्यांना बघायला येत होतं. नखांखालचा रंग पांढरा पडत चालला होता. तर्जनी थरथरत होती. घसरत होती, आणि पुन्हा सावरून घट्ट धरत होती. दीड तास झाला होता. त्याआधी नऊ महिने.

"सुमती," ते म्हणाले. "थकलीस ना गं..."

बोटं हलली नाहीत. नियम तिनं आजही मोडला नाही.

मुकुंदरावांनी डोळे पुसले. मग नेहमीसारखं मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं."

चार बोटं एकेक करून सुटली. आधी करंगळी, शेवटी वणाची तर्जनी. पडद्यावर रिकामी चौकट राहिली. ते कितीतरी वेळ वळले नाहीत. वळले तेव्हा मागे कुणी नव्हतं, वासही गेला होता, आणि त्या घरात एकटं असणं म्हणजे काय, हे त्यांना नऊ महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण कळलं. उठून जाऊन बघायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

त्यांनी सवयीनं कानात बोंडं घातली आणि शेवट तेवढा ऐकला. आपला फाटका आवाज, "थकलीस ना गं." मग "झालं." मग शांतता. त्यांनी मनात सेकंद मोजले, ती खोड त्यांची जुनी. अकरा झाले. आणि माईकच्या अगदी जवळ, तोंड कॉलरशी आणून बोलावं इतक्या जवळून, दमलेल्या आवाजात सुमतीबाई म्हणाल्या,

"बसू का मी आता?"

मुकुंदराव कानातली बोंडं ओढून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पाट तिथंच होता, त्यांनी मांडला तसा. त्यांनी वाकून त्यावर तळवा टेकवला. लाकूड कोमट होतं. तिथं ऊन येत नाही.

आणि त्या पाटासमोर, जेवायला बसताना ठेवतात तेवढं अंतर ठेवून, दुसरा पाट मांडलेला होता. मुकुंदरावांनी एकच मांडला होता.

त्यांनी दुसरा पाट उचलून दारामागे उभा केला. सोमवारी सकाळी जगदेवी झाडता झाडता म्हणाली, "सर, जेवायला कुणी आलतं का?" पाट पुन्हा समोरासमोर होते. मंगळवारीही तेच. आता त्यांनी तो उचलायचं सोडून दिलंय. कुणी विचारलं तर म्हणतात, गुडघ्यांमुळं मला खाली बसवत नाही, नाहीतर बसलो असतो.

व्हिडिओ ते करत नाहीत. चौकटीवर कुणाचा हात दिसत नाही. रविवारी अकराच्या सुमाराला वास मात्र येतो, पण तो आता कच्च्या तुरीचा नसतो. वरण शिजलेलं असतं, वर हिंगाची फोडणी पडलेली असते. ओट्यावरचा गॅस बंद असतो, आणि आतून कुणीतरी पानं घेतल्यासारखा भांड्यांचा बारीक आवाज येत राहतो.